बंदुकीची लाथ

मुलांनो, सिनेमातला हीरो एका हातानं बंदूक झाडतो आणि त्याचा खांदा जरासुद्धा हलत नाही, हे तुम्ही पाहिलं असेलच. खरी बंदूक अशी गप्प बसत नाही. गोळी पुढे जाते, बंदूक मागे येते. या धक्क्याला आम्ही भातकुलीची मुलं 'लाथ'च म्हणायचो.

ही लाथ म्हणजे न्यूटनचा तिसरा नियम. तो तुम्ही पाठ केला असेल. आता हिशोब करून पाहा. एनसीसीत पॉइंट टू-टू रायफल देतात. तिची गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची, पण सुटते सेकंदाला साधारण ३३० मीटर वेगानं. रायफल चार किलोची असेल, तर ती सेकंदाला सुमारे २० सेंटिमीटर वेगानं मागे येते. तीच गोळी दोन किलोच्या रायफलीतून झाडली तर हा वेग दुप्पट होतो! आपल्याला वाटतं, लहान मुलाला हलकी बंदूक बरी. पण उचलायला हलकी, तीच खांद्याला जड!

मी शाळेत असताना आम्ही चौघी एसटीनं अमरावतीला जायचो. चौघीही एनसीसीत. फायरिंगचा दिवस जवळ आला तशी आमच्यातली एक अगदी गप्प झाली. अंगानं काडीसारखी. वर्गातली मुलं चिडवायची, "पाय बरं, खांदा निखळते तुया!" तिनं ठरवून टाकलं, आपण जायचंच नाही.

आमचे उस्ताद वऱ्हाडातलेच. त्यांनी रायफल उघडून आत गोळी नाही हे दाखवलं आणि तिला पालथं झोपवून चाप ओढायला लावला. 'टक्' असा आवाज झाला. तिचे डोळे मिटले, खांदा उडाला!

उस्ताद हसले. "गोळी तर नव्हतीच पोरी. मंग धक्का काहून लागला तुले?"

आम्ही बघतच राहिलो. धक्का बंदुकीत नव्हता, मनात होता. आणि गोळी सुटण्याआधीच खांदा हलला, की नेम चुकलाच समजा.

मग त्यांनी एकेक गोष्ट शिकवली. दस्ता खांद्याच्या खोबणीत घट्ट बसवायचा. मध्ये फट राहिली की रायफल वेग घेऊन आदळते. चिकटून असली की नुसती ढकलते. दस्ता हाताच्या मानानं लांब असेल तर तो नीट बसतच नाही. दस्त्याला रबराची गादी असली तर धक्का जरा सावकाश पोचतो; क्रिकेटचा झेल घेताना आपण हात मागे नेतो ना, तसंच. कान झाकायचे, कारण अर्धी भीती आवाजाचीच असते. आणि उस्तादांच्या समोर, रिकाम्या रायफलीवर, पुन्हापुन्हा सराव.

त्या दिवशी तिनं पाच गोळ्या झाडल्या. पाचवी झाल्यावर विचारते काय, "उस्ताद, आणखी पाच द्या ना!"

१ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवलं. त्या स्पर्धेतली गोळीही पॉइंट टू-टूचीच असते. पण रायफली मात्र चांगल्या वजनदार. का, ते आता तुम्हीच सांगा!

बंदूक हे खेळणं नव्हे. प्रशिक्षक समोर नसताना, रिकामी असली तरी, तिला हात लावायचा नाही. न्यूटनचा नियम मात्र घरीच तपासता येईल. एक फुगा फुगवून सोडा. मग त्याला खडूचा तुकडा चिकटवून पुन्हा सोडा. कोणता फुगा जोरात पळाला?