तेरीज जुळली तरी

वाणिज्य शाखेत येणाऱ्या प्रत्येकाला लवकरच एक गोष्ट शिकवतात : तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर असेलच असे नाही. एकाची रक्कम दुसऱ्याच्या खात्यावर पडली, तरी दोन्ही बाजूंच्या बेरजा सारख्याच येतात. परीक्षेपुरते पाठ केलेले हे वाक्य मला खऱ्या अर्थाने कळले ते संगणकापुढे.

माझ्या मामांचे बेळगावात किराणा दुकान आहे. गिऱ्हाइकांशी ते कानडीत बोलतात आणि वही मराठीत लिहितात. गणपतीच्या आधी कोणाची उधारी थांबवायची, हा त्यांचा दरवर्षीचा पेच. अभियांत्रिकीला असलेल्या माझ्या मैत्रिणीने ‘जॅक्स’ वापरून एक प्रोग्रॅम लिहिला. जुन्या वह्यांवरून तो शिकला आणि कोणाचे पैसे थकतील याची यादी त्याने दिली. पहिलेच नाव एका वृद्ध शिक्षिकेचे! मामा म्हणाले, “अगं, या बाई कधी एक तारीख चुकवत नाहीत. त्यांना कोणत्या तोंडाने नाही म्हणू?”

आम्ही दोघी शोधायला बसलो. वेगासाठी जॅक्स प्रोग्रॅम यंत्रभाषेत उतरवते. त्याआधी खऱ्या आकड्यांऐवजी त्यांचा नुसता साचा आत फिरवून कृती टिपून घेते. त्यामुळे साध्या ‘प्रिंट’ने रक्कम दिसत नाही; दोन दशांश आकड्यांची जागा आहे, एवढेच कळते. त्याच मापाचे आकडे पुन्हा दिले, तर तेही छापले जात नाही. साचा बिनचूक जुळत होता. म्हणजे तेरीजच की ती!

मग ‘जॅक्स.डीबग.प्रिंट’ घातला. हिशेब प्रत्यक्ष चालू असताना तो आतले आकडे दाखवतो. आकडे वहीतलेच होते. पण कोणता कशाचा? म्हणून कप्प्यांची नावेही शेजारी छापून घेतली आणि घोळ उघडा पडला. नाव दिलेल्या कप्प्यांतून आकडे काढताना जॅक्स नावे अक्षरक्रमाने लावते. म्हणून ‘उधारी’ आधी आणि ‘जमा’ नंतर. शिकवताना तोच क्रम होता. यादी करताना मात्र आकडे वहीप्रमाणे, जमा आधी, असे दिले गेले होते. बाईंनी वेळेवर भरलेला पैसाच त्यांचे कर्ज ठरला होता! क्रम सारखा करताच त्यांचे नाव यादीच्या तळाशी गेले.

मामांना संगणकातले काही कळत नाही. पण त्यांच्या वहीत प्रत्येक रकमेशेजारी नाव असते आणि त्या नावामागचे माणूस त्यांच्या ओळखीचे असते. मित्रहो, उद्या आपल्यापैकी कित्येकजण बँकेत किंवा पतपेढीत बसतील. अशाच याद्या टेबलावर येतील आणि त्यांचे साचे चोख जुळलेले असतील. सही करण्यापूर्वी एवढेच विचारावे : हा आकडा कशाचा, आणि कोणाचा?