उजेडाचा ठिपका

औट्रम घाट चढून वर आलं की आमचं कन्नड लागतं. इथं पत्र्याची घरं पुष्कळ. पहिला मोठा पाऊस झाला, की दुसऱ्या दिवशी वर्गात कुणाची तरी वही भिजून फुगलेली. "बाई, रात्री पत्रा गळला!"

आता गंमत पाहा. पत्रा असतो नागमोडी. पाणी वाहतं ते त्याच्या खोलगट पन्हळीतून. म्हणून जाणता मिस्त्री भोक पाडतो ते उंचवट्यावर. हुकावर डांबराचं वायसर, वर नट. नट आवळला की वायसर दबतं नि फट बुजते. पण फार आवळलं तर पत्राच चेपतो आणि त्या खळग्यात पाणी साचतं! शिवाय भोकाच्या कडेचा जस्ताचा लेप निघालेला असतो. तिथं गंज धरतो, भोक वाढत जातं. कडेला रंगाचा एक हात द्यायला दोन मिनिटं लागतात, तरी बरेचजण टाळतात.

पाणी टपकतं तिथंच वर भोक असेल असं नाही हं! ते वाशावरून सरकत दूर जातं. म्हणून मे महिन्यात, भर दुपारी, दारं-खिडक्या लावून वर पाहा. उजेडाचा ठिपका दिसेल, त्याच्या सरळ खाली जमिनीवर खडूनं फुली मारा. पत्र्यावर चढायचं काम मात्र मोठ्यांचं.