माहुलीचं वऱ्हाड

शहापूरला समुद्र नाही. अरबी समुद्र इथून पश्चिमेला पन्नासेक किलोमीटरवर, आणि त्या दिशेला माहुलीचा डोंगर आडवा. पण दिवेलागणीच्या आधी घराबाहेर पडून पश्चिमेकडे तोंड करून चालण्याची हौस या गावालाही होती. किनाऱ्यावरची पोरं पुळणीवर जायची, शहापूरची भारंगी नदीवर. सुट्टीतली संध्याकाळ म्हणजे पेठेतून निघायचं, नदीवर थोडं रेंगाळायचं आणि पुढे आग्रा रोडला लागायचं.

त्या रस्त्यावरून माहुली नीट दिसायची. पळसगड, माहुली आणि भंडारगड मिळून हा एक गड होतो, आणि त्याच्या अंगाला सुळक्यांचं अख्खं वऱ्हाड उभं आहे: नवरा, नवरी, करवली आणि लग्न लावायला भटोबा. शेजारी वजीर. ही नावं कुणी ठेवली याची कुणाकडे नोंद नाही, पण बोट धरून चालणाऱ्या पोराला वडीलधाऱ्यांनी ती दाखवायची हा रिवाज होता. “नवरी कुठली?” या प्रश्नावर दोन भावंडांचं कधी एकमत व्हायचं नाही. वैशाखात सूर्य याच डोंगरामागे उतरतो, आणि मग सगळं वऱ्हाड काळं होऊन आभाळावर उमटतं. खाली गावात खऱ्या लग्नांचे बँड वाजत असतात.

याच गडावर 1636 मध्ये शहाजीराजांनी लहानग्या मुर्तझा निजामशहाला सोबत घेऊन मोगल आणि आदिलशाही फौजांचा वेढा सोसला. निजामशाही इथेच संपली. त्या वेढ्यात जिजाऊ आणि सहा वर्षांचे शिवाजीराजेही गडावर होते, असं सांगतात. वेढ्याचं राजकारण मुलांना कळत नसे. आपल्या वयाचा एक मुलगा तिथे वर राहत होता, एवढं मात्र त्यांच्या पक्कं ध्यानात राही.

शेजारच्या मुरबाड तालुक्यातल्या मुलांची संध्याकाळ कल्याण–नगर रस्त्यावरची. या रस्त्याने पुढे गेलं की वैशाखरे गावाजवळून नाणेघाटाची वाट फुटते. कल्याण आणि सोपारा ही बंदरं आणि घाटावरचं जुन्नर यांना जोडणारी ही सातवाहनांची वाट. घाटमाथ्यावर जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण आजही आहे, आणि लेण्याच्या भिंतींवर राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी समुद्रावर उतरलेला माल बैलांच्या पाठीवरून मुरबाडच्याच मुलखातून वर चढत होता. मुरबाडला अजून रेल्वे आलेली नाही. इथल्या पोराला दूरच्या जगाची खबर रस्त्यानेच दिली, आधी बैलांनी आणि मग लाल एसटीने.

समुद्र या दोन्ही तालुक्यांत यायचा तो मे महिन्यात, टोपलीतून. अगोटीची, म्हणजे पावसाआधीची, खरेदी सुरू झाली की बाजाराच्या एका कडेला सुके बोंबील, जवळा आणि सुकट यांचे ढीग लागत. तो वास लांबूनच गाठायचा. त्याच सुमारास वारा पश्चिमेचा होई आणि माहुलीच्या डोक्यावर पहिले ढग अडकत.

समुद्राकाठच्या मुंबईला मात्र इथून पाणी जातं, आणि तेही वर्षभर. तानसा धरण 1892 चं, भातसा नंतरचं, आणि दोन्ही शहापूर तालुक्यातली. आज मुंबईच्या रोजच्या पाण्यातला निम्म्याच्या आसपासचा वाटा एकट्या भातसाचा आहे. आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत हंड्यांची रांग लागते. ज्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या, त्यांच्याच लेकीसुना विहिरीच्या तळाशी उतरून वाटीने पाणी भरतात. हे चीड आणणारं आहे, आणि पिढ्यान् पिढ्या चालत आलं म्हणून ते कमी चीड आणणारं ठरत नाही.

शहापूर आता वाढलंय. आग्रा रोडवर चालायला पायाखाली जागा उरलेली नाही. 5 जून 2025 रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला, तोही याच तालुक्यातून जातो. भारंगीच्या काठाला बांधकामं भिडली, आणि 2024 च्या जुलैत नदी गावात शिरली तेव्हा उभ्या गाड्या वाहून गेल्या. नदीला लागते तेवढी जागा तिला सोडायला हवी होती.

तरीही नोकरीपायी कल्याण-डोंबिवलीला गेलेली माणसं पहिल्या पावसानंतरच्या एखाद्या रविवारी कसारा लोकलने आसनगावला उतरतात, शेअर रिक्षाने पेठेत येतात. ठाकर आणि कातकरी बाया रस्त्याच्या कडेला पानं पसरून बसलेल्या असतात. कुणाकडे वलगणीचे मासे, कुणाकडे चिखलाने माखलेले मुठे, पाय वेलीने बांधलेले. आणि शेवळं! वरचं टोक जांभळट तपकिरी, त्याखाली पिवळसर भाग, देठ ओला. आठ-दहांची एक जुडी. शहरात वाढलेली सून जुडी उचलून पिशवीत टाकू लागते, तशी विकणारी तिचा हात थांबवते आणि हिरव्या गोट्यांएवढ्या फळांची मूठ पुढे करते.

“ही काकडं पण घ्या ताई. नुसती शेवळं शिजवलीत तर घसा खाजंल. आणि सोडे असतील घरात तर टाका, मंग बघा.”

“सोडे कुठे मिळतील?”

“ते काय, पलीकडं बसलीये ना ती. माझंच नाव सांगा.”