पायांतील भेग

एके दिवशीं भूमिति शिकवीत असतां एका विद्यार्थ्यानें आम्हांस विचारिलें, "सर, हीं गृहीत तत्त्वें आपण सिद्ध न करितांच मानितों, पण पुढें त्यांतूनच दोन परस्परविरोधी गोष्टी निघाल्या, तर?" उत्तर सुचेना, म्हणून आम्हीं रागावून त्यास खालीं बसविलें. वर्ग हंसला. त्या रात्रीं आम्हांस झोंप लागली नाहीं. फ्रेगे यांची आठवण येत राहिली.

जर्मनींतील येना येथील प्राध्यापक गॉटलोब फ्रेगे यांनीं अंकगणित तर्कशास्त्राच्या पायावर उभारण्यांत कित्येक वर्षें वेंचिलीं. त्यांच्या ग्रंथाचा दुसरा खंड छापखान्यांत असतां, १६ जून १९०२ रोजीं, बर्ट्रांड रसेल या तीस वर्षांच्या इंग्रज तरुणानें त्यांस पत्र लिहून एक शंका विचारिली.

ती समजण्यास ग्रंथालयांतील याद्यांचा दृष्टान्त घेऊं. कांहीं याद्यांत त्यांचें स्वतःचें नांव असतें, कांहींत नसतें. ज्यांत तें नसतें तेवढ्याच सर्व याद्यांची एक नवी यादी करावयाची. तींत तिचें स्वतःचें नांव घालावें काय? घातलें तर काढावें लागतें. काढलें तर घालावें लागतें! यादीच्या जागीं संच घ्या, म्हणजे रसेल यांची शंका कळेल. फ्रेगे यांच्या नियमांप्रमाणें असा संच असावयासच हवा होता. भेग पायांतच होती.

फ्रेगे यांनीं पत्र दडपिलें नाहीं. सहाच दिवसांनीं त्यांनीं उत्तर लिहिलें, व १९०३ सालीं निघालेल्या त्या खंडास पुरवणी जोडून आपली चूक जगापुढें मांडिली. पुढें १९०८ सालीं त्सेर्मेलो यांनीं संच कसे करावे यावर निर्बंध घालणारीं नवीं तत्त्वें रचिलीं. त्यांत आजवर विसंगति आढळलेली नाहीं. परंतु १९३१ सालीं गोडेल यांनीं दाखविलें कीं, अशी पद्धति सुसंगत असेल, तर ती आपली सुसंगति केवळ आपल्याच नियमांनीं सिद्ध करूं शकत नाहीं.

म्हणजे त्या मुलाचा प्रश्न पोरकट नव्हता. दुसरे दिवशीं आम्हीं वर्गास हें सारें सांगितलें, आणि काल उत्तर येत नव्हतें म्हणूनच रागावलों, हेंही कबूल केलें. या वेळीं कोणी हंसलें नाहीं. तो मुलगा मात्र पुन्हां उठला. "सर, मग गणितावर विश्वास कां ठेवावयाचा?"

"कारण," आम्ही म्हणालों, "तेथें भेग दाखविणारास खालीं बसवीत नाहींत."