उमेदवारीचीं वर्षें

'उमेदवारी' हा शब्द मराठींत हल्लीं निवडणुकीपुरताच उरला आहे. आमच्या आजोबांच्या पिढींत त्याचा अर्थ निराळा होता. कचेरींत पगारावांचून नकला करीत बसणारा किंवा वकिलाच्या मागें दप्तर घेऊन हिंडणारा तरुण तो उमेदवार. घरचीं माणसें वर्ष-दोन वर्षें कळ सोसून त्याला पोसत, कारण त्या वाटेच्या शेवटीं काय आहे हें सर्वांस ठाऊक असे. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांनीं त्या शब्दाच्या जागीं 'अ‍ॅप्रेंटिस' आणला, एवढाच फरक. मुलगा खेळाडू व्हावयाचें म्हणतो तेव्हां त्यालाही उमेदवारी करावी लागते. मात्र ती दहा-बारा वर्षांची असते, आणि तिच्या शेवटीं काय आहे हें कोणासच सांगतां येत नाहीं. ही गोष्ट आमच्या पांढरपेशा घरांस अजून नीटशी उमगलेली दिसत नाहीं.

थेरगांवांत राहणाऱ्यास हा विचार टाळतां येत नाहीं. पवनेच्या कांठचें हें गांव आतां नांवापुरतेंच गांव आहे. डांगे चौकांत संध्याकाळीं कंपन्यांच्या बसगाड्यांतून इतकीं माणसें उतरतात कीं पाय ठेवण्यास जागा मिळूं नये. अशा दाटींत महानगरपालिकेनें क्रिकेटचें एक मैदान राखलें आणि तेथें दिलीप वेंगसरकर ह्यांची अकादमी उभी राहिली. लॉर्ड्‌सच्या मैदानावर तीन कसोटी शतकें काढणाऱ्या गृहस्थाचें नांव ह्या गांवाशीं जोडलें जाईल, असें जुन्या थेरगांवकरांच्या स्वप्नांतही आलें नसेल.

ह्या अकादमींत जुन्या सांगवीचा एक मुलगा वयाच्या अकराव्या वर्षीं दाखल झाला. ऋतुराज गायकवाड हें नांव आज घरोघरच्या नातवंडांना पाठ आहे. परंतु आम्हांस त्याच्या कीर्तीपेक्षां तिच्या आधींच्या काळाचें कुतूहल अधिक. घर अगदीं तुमच्या-आमच्यासारखें. वडील संरक्षण संशोधन खात्यांत नोकरीस, आई म्युनिसिपल शाळेंत शिक्षिका, मूळ गांव पुरंदर तालुक्यांतलें. २००३ सालीं पुण्याच्या नेहरू स्टेडियमवर ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड ह्यांचा सामना झाला. तो ह्या सहा वर्षांच्या मुलानें पाहिला, आणि ब्रेंडन मॅक्कलमचा वाकून मागें उचललेला एक फटका त्याच्या मनांत बसला, असें सांगतात. असल्या फटक्यांनीं मुलें वेडीं होतातच. वेड टिकणें ही पुढची गोष्ट. खेळ कमी कर आणि अभ्यास जास्त कर, असें आईवडील आपल्याला कधीं म्हणाले नाहींत, हें त्यानें स्वतःच सांगितलें आहे. दोघांपैकीं एक शिक्षिका असतां हें घडलें, ह्याची आमच्या शिक्षक मित्रांनीं अवश्य नोंद घ्यावी!

पूर्वीं पुण्यास हा पेंच इतका अवघड नव्हता. प्रो. दि. ब. देवधर ह्यांच्या नेतृत्वाखालीं महाराष्ट्रानें १९३९-४० व १९४०-४१ असा लागोपाठ दोनदां रणजी करंडक जिंकला, तेव्हां देवधर पेशानें संस्कृतचे प्राध्यापक होते. बॅट हौसेची, भाकरी व्याकरणाची. आज दोन्ही डगरींवर असा हात ठेवण्याची सोय उरलेली नाहीं.

ऋतुराजची उमेदवारी कशी गेली तें पाहण्यासारखें आहे. एकोणीस वर्षांखालील मुलांच्या कूचबिहार करंडकांत त्यानें धावांच्या राशी घातल्या. तरी २०१६ च्या आरंभीं त्या वयाच्या विश्वचषकासाठीं जो भारतीय संघ बांगलादेशास गेला, त्यांत त्याचें नांव नव्हतें. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत झारखंडाविरुद्ध रणजी करंडकांत त्याचें पदार्पण झालें, आणि त्याच सामन्यांत चेंडू लागून बोट मोडलें. २०१७ सालीं विजय हजारे करंडकांत हिमाचल प्रदेशाविरुद्ध १३२ धावा निघाल्या तेव्हां कोठें दार किलकिलें झालें. डिसेंबर २०१८ च्या लिलावांत चेन्नईच्या संघानें त्याला २० लाख रुपयांस घेतलें. (माणसाच्या बाबतींत 'लिलाव' हा शब्द लिहितांना आमची लेखणी अजून अडखळते, पण व्यवहारांत तोच रूढ आहे.) २०१९ चा सबंध हंगाम त्यानें बाहेर बसून काढला, एकही सामना वाट्यास आला नाहीं. २०२० सालीं स्पर्धा अमिरातींत होती. तेथें त्याला करोना झाला. संघ सराव करीत असतां हा खोलींत एकटा. अखेर २२ सप्टेंबरला शारजास संधि आली, आणि पहिल्याच चेंडूवर तो यष्टिचीत झाला. पुढच्या डावांत ५. त्याच्या पुढच्या डावांत पुन्हां शून्य.

येथें वाचकांनीं क्षणभर थांबून हिशेब करावा. अकराव्या वर्षापासून तेविसाव्यापर्यंत बारा वर्षें, आणि त्यांचें फळ तीन डावांत पांच धावा. पुढच्या तीन डावांत नाबाद ६५, ७२ व नाबाद ६२, आणि २०२१ सालीं सबंध स्पर्धेंतल्या सर्वाधिक ६३५ धावा, हें सर्वश्रुतच आहे. त्या संघाचे फलंदाजीचे शिक्षक ऑस्ट्रेलियाचे मायकेल हसी होते. प्रथम श्रेणींत १५,००० वर धावा काढूनही तिसाव्या वर्षापर्यंत त्यांना कसोटी संघांत जागा मिळाली नव्हती. वाट पाहणें शिकावयाचें तर ह्याहून योग्य गुरु कोठला!

परंतु वाट पाहण्यासही अन्न लागतें. ऋतुराजच्या मनगटाचें कौतुक करतांना त्या घरांतल्या दोन कायमच्या पगारांचा उल्लेख कोणी करीत नाहीं, तो आम्हांस महत्त्वाचा वाटतो. आमच्या शेजारच्या इमारतींत असाच एक मुलगा होता. वडील कंत्राटी कामावर, घरांत पाठच्या दोन बहिणी. आठ वर्षें तो पहांटे बॅट घेऊन जाई. हात इतका सफाईचा कीं पाहणारे उभे राहत. एकोणिसाव्या वर्षीं त्यानें खेळ सोडला आणि आतां चाकणला पाळीवर जातो. तक्रार करीत नाहीं. रविवारीं अजून खेळतो. त्याच्या बारा वर्षांना चारच वर्षें कमी पडलीं, एवढेंच म्हणतां येईल. तीं मिळालीं असतीं तर काय झालें असतें, हें सांगणारा ज्योतिषी आम्हांस ठाऊक नाहीं.

हा आमच्यापुरता निव्वळ चर्चेचा विषय नाहीं. आमच्या थोरल्या बंधूंचा मुलगा बारा वर्षांचा आहे आणि रोज नेटवर जातो. परवां वहिनींनीं विचारलें, "भावोजी, तुम्ही एवढें लिहितां-वाचतां, ह्याला खेळूं द्यावें कीं शिकवणीला घालावें, तें सांगा."

दादा वर्तमानपत्रांतून वर न पाहतां म्हणाले, "पंधराव्या वर्षापर्यंत पाहूं."

"आणि पंधराव्या वर्षीं काय दिसणार आहे?" वहिनी म्हणाल्या.

ह्याला उत्तर नव्हतें. आम्हीं त्यांना ते तीन डावांचे आंकडे सांगितले. त्या कांहीं वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "त्या तिसऱ्या डावानंतर त्याच्या आईनें फोन केला असेल, तेव्हां ती काय बोलली असेल हो?"

तोंवर चिरंजीव किटबॅग खांद्याला लावून दारांत उभे होते. नेट साडेपांचाचें होतें, आणि शिकवणी सहाची.