आमची पंचगिरी

कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’त गणदास आणि हरदत्त या दोन नाट्याचार्यांचा कलह आहे. विद्यार्थिदशेत तो अंक प्रथम वाचला, तेव्हापासून आम्हांस त्यातील पंडिता कौशिकीची कीव येत आली आहे. दोन्ही आचार्य आपल्या विद्येत निष्णात, दोघेही इरेस पेटलेले, आणि मध्ये निवाड्यास बसविलेली ती बिचारी परिव्राजिका! २०२३ सालच्या डिसेंबरात तेच आसन आमच्या वाट्यास येईल, हे मात्र स्वप्नातही आले नव्हते. वादी आमची कन्या, प्रतिवादी आमचे चिरंजीव, आणि वादविषय असा की, सरत्या वर्षातील जपानी चलच्चित्रांत संगीत कोणाचे उत्तम व चित्रण कोणाचे उत्तम?

ज्यांच्या घरी सोळा ते पंचवीस वयाची मुले आहेत, त्यांस ‘ॲनिमे’ म्हणजे काय हे सांगावयास नको. इतरांनी दूरदर्शनवरील ‘जंगल बुक’ आठवावे. १९९३ साली रविवारी सकाळी अवघा देश ज्या मोगलीपुढे बसत असे, तो मोगली जपानी चित्रकारांच्या हातचा होता. गाणे गुलजारांचे, चाल विशाल भारद्वाजांची. त्यामुळे चित्रे परदेशची आहेत, हे आमच्या ध्यानातही आले नाही. त्या वेळीही आम्ही कानांनीच पाहत होतो म्हणावयाचे!

कन्येचा पक्ष ‘फ्रीरेन’चा. एव्हन कॉल नावाच्या, जन्माने अमेरिकन परंतु जपानात स्थायिक झालेल्या संगीतकाराने त्या मालिकेस संगीत दिले आहे. याच गृहस्थाने २०१८ च्या ‘व्हायोलेट एव्हरगार्डन’मध्ये टंकयंत्राच्या टकटकीचाच ताल म्हणून उपयोग केला होता, कारण तिची नायिका लोकांची पत्रे टंकून देणारी आहे. हे सांगताना कन्येच्या मुद्रेवर जे तेज येई, ते तिच्या परीक्षेच्या निकालाच्या दिवशीही आम्हांस दिसलेले नाही. चिरंजीव म्हणत, ‘‘ताई, वर्षाचे गाणे म्हणशील तर ते ‘आयडॉल’.’’ योआसोबी या जोडीचे हे गाणे ‘ओशी नो को’ या मालिकेच्या आरंभी वाजते, आणि त्या वर्षी ते जपानच्या बाहेरही गाजले. यावर कन्येचे उत्तर असे की, दीड मिनिटाचे शीर्षकगीत निराळे आणि कथेच्या पाठीशी तासन् तास उभे राहणारे संगीत निराळे. तोरणावरून घराची पारख करू नये. हा मुद्दा आम्ही तिच्या बाजूने नोंदविला.

चिरंजीवांचा खरा जीव मात्र चित्रांत. त्यांचे दैवत ‘जुजुत्सु कैसेन’चे दुसरे पर्व. त्यात शिबुया भागातील एका रात्रीच्या भीषण संग्रामाचे चित्रण आहे. ते पाहताना आमचे डोके गरगरले आणि काही चित्रे तर अर्धवट सोडल्यासारखी वाटली. तसे आम्ही म्हणताच चिरंजीव उसळले. चलच्चित्रात सेकंदाला चोवीस चौकटी सरकतात. पण जपानी चित्रकार पुष्कळदा एकच चित्र तीन चौकटी टिकवितो, म्हणजे सेकंदाला आठच चित्रे काढतो. ओसामु तेझुका यांनी १९६३ मध्ये दूरदर्शनसाठी ‘आतोमु’ काढला, तेव्हा पैसा आणि वेळ यांच्या टंचाईत असल्या काटकसरीच्या युक्त्या त्यांनी रूढ केल्या, आणि पुढे त्या काटकसरीचीच कला झाली. ‘‘कोणती आठ काढायची, हे तर आहेच, पण कोणती सोळा गाळायची, हे ज्याला कळतं तो चित्रकार!’’ असे चिरंजीव म्हणाले. पंचवीस वर्षे विद्यार्थ्यांच्या निबंधांतील फापटपसारा छाटीत आलेल्या आम्हांस हे वाक्य आवडले. परंतु तसे आम्ही बोललो नाही.

न बोलण्यास कारण होते. त्याच वर्षीच्या दिवाळीत, फराळाच्या ताटावर, चिरंजीवांनी अभियांत्रिकीचे दुसरे वर्ष अर्ध्यावर सोडून चलच्चित्रकला शिकण्याचा मनोदय प्रकट केला होता, आणि आम्ही ‘‘शक्य नाही’’ या दोन शब्दांत त्याचा निकाल लावला होता. तेव्हा डिसेंबरातील तो वाद दिसावयास जपानी चित्रांचा असला, तरी पंचाच्या खिशात आधीचा निकाल होता.

आणि आम्ही तो वापरला. नोव्हेंबरातच त्या मालिकेवर काम करणाऱ्या काही चित्रकारांनी अतिश्रम आणि अपुरी मुदत यांबद्दल जाहीरपणे तक्रार केली होती. ते आमच्या वाचनात आले होते. आम्ही चष्मा सारखा करून म्हणालो, ‘‘ज्या चित्रांवर तू लुब्ध आहेस, ती काढणाऱ्यांना झोप मिळत नाही. अशा धंद्यात जायचं आहे तुला?’’ चिरंजीव उठून आपल्या खोलीत गेले. कन्या म्हणाली, ‘‘बाबा, तो चित्रांबद्दल विचारत होता.’’ पुढले चार दिवस घरात वादच झाला नाही, आणि त्या शांततेचा आम्हांस विलक्षण जाच झाला. सौभाग्यवतींनी तर जेवताना वाढण्यापलीकडे आमच्याशी संबंधच ठेवला नाही.

पाचव्या दिवशी आम्ही कन्येजवळ ‘फ्रीरेन’ पाहण्यास बसलो. हेतू एवढाच की, निदान एका पक्षाची तरी साक्ष पुरी व्हावी. फ्रीरेन ही हजारांहून अधिक वर्षे जगलेली, मानवेतर जातीची जादूगार. तिने एका वीराबरोबर दहा वर्षे प्रवास केलेला. तिच्या आयुष्यमानाने दहा वर्षे म्हणजे आपला एखादा आठवडा. पुढे पन्नास वर्षांनी ती परत येते, तो वीर जराजर्जर झालेला असतो आणि लवकरच मरतो. त्याच्या अंत्यविधीच्या वेळी ती एकाएकी रडू लागते. दहा वर्षे बरोबर असूनही आपण या माणसास जाणून घेतले नाही, हे तिचे दुःख. कन्या आमच्या कानाशी संगीताचे मर्म सांगत होती. तिने सांगितलेली एक गोष्ट मात्र ध्यानात राहिली. अशा मालिकांचे संगीत बहुधा प्रत्येक चित्रास जुळवून रचीत नाहीत. ध्वनिदिग्दर्शक कोणकोणत्या भावांचे तुकडे हवेत याची यादी देतो, ते आगाऊ मुद्रित होतात, आणि मागाहून तोच योग्य तुकडा योग्य जागी बसवितो. म्हणजे श्रोता ज्याचे श्रेय संगीतकारास देतो, त्यातला मोठा वाटा त्या अप्रसिद्ध इसमाचा. कोठे संगीत थांबवावे, हेही तोच ठरवितो. आम्ही मान डोलाविली. खरे म्हणजे त्या क्षणी आम्हांस नीट ऐकू येत नव्हते.

रात्री चिरंजीवांच्या दारावर टकटक केली. काय बोलावयाचे ते ठरविले नव्हते, म्हणून ‘‘ती गाळलेली सोळा चित्रे कशी ओळखायची, ते दाखव पाहू,’’ एवढेच बोललो. त्याने थोडा वेळ आमच्याकडे पाहिले, मग पलंगाखालून एक खोके ओढले. आत चाळीस कागद होते. म्हणजे सेकंदाला आठ या हिशेबाने पाच सेकंद. ते त्याने अंगठ्याखालून भरभर सोडले. खुर्चीतला एक प्रौढ गृहस्थ उठतो, टेबलावर चाचपडतो, पुस्तके उलथीपालथी करतो, आणि हात कपाळाकडे नेतो, तो चष्मा तेथेच! हात कपाळाशी पोचण्यापूर्वी किंचित थबकतो. ते थबकणे आमचे होते. इतक्या वर्षांत आम्ही स्वतःही ते कधी पाहिले नव्हते.

‘‘किती दिवस लागले?’’

‘‘तीन आठवडे. कॉलेज सांभाळून.’’

सर्वश्रेष्ठ कोण, याचा निकाल पुढे टोकियोत लागला. क्रंचीरोलच्या २०२४ च्या मार्चमधील समारंभात ‘जुजुत्सु कैसेन’च्या दुसऱ्या पर्वास वर्षाचा मान मिळाला. ‘फ्रीरेन’ची गणना पुढल्या वर्षात झाली, आणि तेव्हा तो मान ‘सोलो लेव्हलिंग’ने नेला. कन्येस हा निकाल अद्याप मान्य नाही. अभियांत्रिकीचा प्रश्न त्या रात्री सुटला, असेही वाचकांनी समजू नये. एक वर्ष आम्ही तिघांनी त्यावर आणखी वाद घातला, आणि अटीही घातल्या. परंतु त्या रात्री कागद तिसऱ्यांदा सोडून होतात तोच कन्या दारात येऊन उभी राहिली. चष्मा सापडतो तेथे तंबोऱ्याचा एकच झंकार हवा, असे तिचे मत पडले. चिरंजीव म्हणाले, मुळीच नको, तेथे काहीही वाजता कामा नये. ‘‘बाबा, तुम्ही सांगा,’’ दोघेही एकदम म्हणाली, आणि आम्ही चष्मा शोधू लागलो.