गाव कुठलं?

‘गाव कुठलं?’ असं कुणी विचारलं की मी बाबांच्या गावाचं नाव सांगतो. तिथे सलग पंधरा दिवसही कधी राहिलेलो नाही, तरी जीभ अडखळत नाही.

६ डिसेंबर २०२२. वर्ल्ड कपमध्ये मोरोक्को विरुद्ध स्पेन, पेनल्टी शूटआउट. निर्णायक किक घ्यायला अश्रफ हकिमी आला. जन्म माद्रिदचा, फुटबॉल शिकला रिआल माद्रिदच्या अकादमीत. आई लोकांच्या घरी साफसफाई करायची, वडील रस्त्यावर माल विकायचे. स्पेनच्या संघातही तो जाऊन आला होता. पण तिथे घरच्यासारखं वाटलं नाही, असं त्यानेच सांगितलंय.

मोरोक्कोच्या २६ पैकी १४ खेळाडूंचा जन्म परदेशातला. मोठ्या संघात जागा मिळत नाही म्हणून आईबापांचा देश आठवतो, असं लोक म्हणतात. काहींचं तसं असेलही. हकिमीचं तसं नव्हतं.

त्याने बॉल अलगद मधोमध उचलला. स्पेन बाहेर.

माझं उत्तर फुकटचं आहे. त्यासाठी मला कधी काही सोडावं लागलं नाही. त्याला ते सगळ्या जगासमोर द्यावं लागलं, तेही ज्या देशात वाढला त्याच्याच विरुद्ध.